जेनोवाहून परत आलेला नारळ

झिंडेलफिंगेन, २९ जुलै २००६

चि. मुक्ता हिस,

‘चि. सौ.’ लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. आशीर्वाद मात्र पूर्वीचेच आहेत. त्यांच्यासाठी अजून कुणी वकील लावलेला नाही.

मी सुखरूप पोचले. हृषिकेश विमानतळावर न्यायला आला होता. वाळलाय. मी विचारलं तर म्हणाला, “आल्झो, आई, मी रोज कँटीनमध्ये जेवतो.” (हे ‘आल्झो’, म्हणजे ‘तर’, आता त्याच्या प्रत्येक वाक्याआधी येतं.) जसं काही कँटीनमध्ये जेवणाऱ्या माणसाला अंग भरून येतं! असो. त्याच्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही असं ठरवलंय.

तुझा आखनचा पत्ता तुझ्या आईने दिला. मी गुहागरहून नाशिकला फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, “पत्र लिहा, पण विचारल्याशिवाय जाऊन तिच्या दारात उभ्या राहू नका.” मी शब्द दिलाय. इथल्या नंबरावरून फोन आला तर तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

आता खरं सांगते, या घरात पाऊल ठेवल्यावर मी आधी स्वयंपाकघरात गेले. सगळं जागच्या जागी आहे. तुझे स्टीलचे डबे, तुझ्या माहेरची चांदीची वाटी, लग्नात आलेला तो भला मोठा कुकर. फक्त विळी नाही. आमच्या गुहागरच्या लोहाराकडून करून घेतलेली, पुढे खोवणीचे दात असलेली, जी मी तुझ्या बॅगेत साड्यांच्या मध्ये गुंडाळून दिली होती, ती. हृषीला विचारलं, तर म्हणाला, “मुक्ता घेऊन गेली. बाकी काही नेलं नाही तिने.” तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला. मी मात्र दिवसभर खूश होते. सगळं घर सोडून पोरीने न्यावं काय, तर सासूची विळी!

इथल्या कायद्याची गंमत त्याने सांगितली. नवराबायकोने वेगळं व्हायचं तर आधी वर्षभर वेगळं राहून दाखवावं लागतं. ट्रेनुंग्सयार म्हणतात म्हणे त्याला. तुमचं वर्ष सप्टेंबरात पुरं होतं. म्हणजे अजून थोडे दिवस आहेत. सहज लिहिलं. मी काही समेट घडवायला आलेले नाही.

आता कामाचं. तू नव्याने इथे आलीस तेव्हा मला फोनवर म्हणाली होतीस, “अहो आई, तुम्ही आलात की आपण जेनोवाला जाऊ. जुनं बंदर आहे, बोळ आहेत, तुम्हाला गुहागरची आठवण येईल.” मी ते विसरलेले नाही. हृषीने सुट्टी काढली आहे, सात तारखेला निघायचं. आणि नारळीपौर्णिमा नऊला आहे. आपल्या घरचा नारळ दर वर्षी समुद्राला जातो, तसा यंदाही जाणार. ह्यांनी विहिरीजवळच्या माडाचा काढून, सोलून, शेंडी ठेवून दिलाय. विमानतळावर साहेबाने तो उलटसुलट करून पाहिला. मी म्हटलं, “गॉड.” त्याने सोडून दिला.

लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला तू टाकलेला नारळ सगळ्यांत लांब गेला होता. समुद्रावर जन्म काढलेल्या खारवी बायासुद्धा बघत राहिल्या होत्या. तू ये. मी गाडीत तुमच्या मध्ये बसेन. उत्तराची वाट बघते.

तुझी
(काय लिहू ते सुचत नाही, तू ठरव)
सुलेखा


जेनोवा, ८ ऑगस्ट २००६

चि. मुक्ता,

आली नाहीस. पत्रही नाही. रागावले होते, पण ऑस्ट्रियापर्यंत. पुढे डोंगर इतके सुरेख होते की राग धरवेना.

तुझ्या नवऱ्याने (जोवर वर्ष पुरं होत नाही तोवर मी असंच लिहिणार) मला ऑस्ट्रियावरून वळसा घालून आणलं. स्वित्झर्लंड मध्ये आडवं पडलेलं असताना त्याला टाळून जायचं, कारण माझ्या पासपोर्टावर त्यांचा वेगळा व्हिसा नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वाटेत श्टाऊ लागला, म्हणजे गाड्यांची रांग, तेव्हा तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. मी भडंग काढलं. त्याने न बोलता खाल्लं. मूग गिळून बसणारी माणसं मी पाहिली आहेत, हा भडंग गिळून बसतो.

पण गाव तू म्हणाली होतीस तसंच आहे गं. डोंगर थेट समुद्रात उतरलेला आणि घरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली. बोळ इतके अरुंद की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतल्या बायका एकमेकींना लोणच्याची फोड देऊ शकतील. वर आडव्या दोऱ्या आणि त्यांवर चड्ड्या-बनियनांपासून सगळं वाळत घातलेलं. खाली मासळीचा वास. मी मासे खात नाही, तरी त्या वासाने मला आपल्या खाडीवर उभं असल्यासारखं वाटलं. एकाने खापरीएवढ्या तव्यावर डाळीच्या पिठाचा पोळा भट्टीत भाजून काढला आणि कागदावर तुकडे करून दिला. आपलंच धिरडं! वर मिरपूड. मी तीन तुकडे खाल्ले. आणि हो, इथे तुळशीची चटणी करतात. आपली तुळस नव्हे, बहीण तिची, पण पानं तोंडात टाकल्यावर माझे हात आपोआप जोडायला वर गेले. त्या बयेला वाटून शेवयांना फासतात. चव चांगली आहे, देवाने क्षमा करावी.

एक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं मोठं देऊळ आहे, त्यांचं. आत कोपऱ्यात एक तोफगोळा ठेवलाय. लढाईत छपरातून आत पडला पण फुटला नाही, म्हणून देवाचे आभार मानून तसाच ठेवला. मी हृषीला म्हटलं, “बघ, न फुटलेलं काही असलं तर लोक असं जपतात.” तो म्हणाला, “या, या, आई, कळलं.” त्यांच्या भाषेत ‘या’ म्हणजे हो. त्याला खरंच कळलं असावं, कारण तो लगेच बाहेर गेला.

आता मी त्याच्याबद्दल लिहिणार नव्हते, पण आजचं लिहायला हवं.

देवळातून बंदराकडे जायला तो नकाशा घेऊन निघाला. तुला माहीत आहे त्याचं चालणं. त्याचे पाय लांब, नजर पुढे. मी मागून साडी सावरत, दगडी उतारावर जपून पाय टाकत. एका दुकानात पितळेचं अडकित्त्यासारखं काही दिसलं म्हणून मी क्षणभर थांबले, आणि वर बघते तो हा नाही. पुढे बोळाला तीन तोंडं. कुठल्या बोळात गेला कळेना. मी एका दाराच्या पायरीवर बसले. भाषा येत नाही, फोन नाही, हॉटेलचं नाव चिठ्ठीवर होतं ती चिठ्ठी त्याच्याच खिशात. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. एका म्हातारीने खिडकीतून पाणी दिलं.

बऱ्याच वेळाने तो आला. घामाघूम. मला वाटलं, आता जवळ घेईल. म्हणाला काय, “आई, तू मागे का राहिलीस? रस्ता सरळ होता.”

मुक्ता, हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुम्ही वेगळे झालात तेव्हा त्याने आम्हाला फोन केला, आणि ह्यांनी कारण विचारलं. तेव्हा तो म्हणाला होता, “काही भांडण नाही, बाबा. मी इकडे पुढे आलो, ती तिकडे पीएच.डी.त मागे राहिली.” तेव्हा मला ते पटलं होतं.

उद्या पौर्णिमा. नारळ टॉवेलात गुंडाळून उशाशी ठेवलाय.

सुलेखा


जेनोवा, १० ऑगस्ट २००६

मुक्ता,

काल नारळ वाहिला. काय झालं ते वाचून तू हसशील. मी दोनदा हसले आणि एकदा रडले.

सकाळी जुन्या बंदरावर गेलो. एका बाजूला मोठमोठ्या बोटी, दुसऱ्या बाजूला छोट्या होड्या, आपल्या होड्यांसारख्याच रंग उडालेल्या. लांब तो उंच दीपस्तंभ. मी धक्क्याच्या कडेला बसले. नारळाला हळदकुंकू लावलं, फुलवाल्याकडून घेतलेलं पांढरं फूल वाहिलं. हृषी इकडेतिकडे बघत होता. “आई, पटकन टाक. पाण्यात काही टाकलं तर दंड असतो.” मी म्हटलं, “तो तुमच्या जर्मनीत. ही माणसं चड्ड्या रस्त्यावर वाळत घालतात, ती माझ्या नारळाला दंड करणार नाहीत.” डोळे मिटून म्हटलं, बा सागरा, तू आमचा नव्हेस, पण पाणी सगळं एकच आहे, शांत राहा, पोरांना सांभाळ. पोरांना म्हटलं हं मी, अनेकवचनी. आणि जे मागायला आले होते तेही मागितलं. टाकला. तुझ्यासारखा लांब नाही गेला, जवळच पडला आणि तरंगायला लागला.

एक म्हातारा होडीत बसून दोरखंड गुंडाळत होता. त्याने पाहिलं. ताडकन उठला, होडी सोडली, वल्ही मारत गेला आणि लांब काठीच्या आकड्याने माझा नारळ ओढून होडीत घेतला! मला वाटलं, नेतो आता घरी. आपल्याकडे पोरं पोहत जाऊन वाहिलेले नारळ पळवतात, त्यात काही नवल नाही, समुद्राच्या नावाने पोरांच्या पोटात जातो. पण हा बाबा होडी वळवून थेट माझ्याकडे आला. धक्क्यावर चढला. स्वतःच्या गळ्यातल्या रुमालाने नारळ पुसला, म्हणजे हळदकुंकू सगळं पुसून साफ केलं, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. “सिन्योरा!” चेहरा असा फुललेला, जसा हरवलेलं बाळच आणून देतोय.

हृषीने त्याला इंग्रजीत सांगून पाहिलं, मग जर्मनमध्ये. म्हाताऱ्याला वाटलं आम्ही आभार मानतोय. तो छातीवर हात ठेवून मान हलवत राहिला, नको नको, त्यात काय. मी काय करणार? म्हटलं “ग्रात्सिये” आणि घेतला.

पुन्हा टाकावा म्हणून तो जायची वाट बघत बसले. तो जाईना. मी कडेला गेले की बोट हलवून दटावायचा, जपून, पुन्हा पडेल! शेवटी मी नारळ पिशवीत घातला, तेव्हा कुठे त्याचा जीव खाली पडला. हृषी हसायला लागला. मी त्याला असं हसताना किती दिवसांनी पाहिलं. आम्ही दोघं त्या धक्क्यावर पोट धरून हसलो. हसता हसता तो म्हणाला, “मुक्ता असती तर खाली बसली असती हसून.”

मग समुद्राकडे बघत म्हणाला, “आई, ती मला सारखी म्हणायची, हृषी, थांब ना जरा. मला वाटायचं, ती रस्त्यातलंच म्हणतेय. मी थांबायचो दोन मिनिटं, ती आली की परत चालायला लागायचो.” परवा मी बोळात हरवले तेव्हा त्याला हे आठवलं म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माझंच पोर आहे. त्याचा राग येतो आणि त्याची दयाही येते.

मला आधी वाटलं, सांगावं तुला हे लगेच! पोराला चूक कळली, आता ये. याच वाक्याचं पत्र हॉटेलात येऊन लिहायला घेतलं. समोर टेबलावर तो नारळ. हळदीचा एक डाग शेंडीपाशी राहिलेला.

आणि मला तो म्हातारा आठवला. किती खूश होता तो! त्याला वाटलं, बिचारीच्या हातून पडलं, आपण काढून दिलं, केवढं पुण्य. मी तो नारळ पडू दिला नव्हता, विचार करून, हात जोडून सोडला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. मुक्ता, मी आल्यापासून तोच उद्योग करतेय. तू जे सोडलंस ते तुझ्या हातून पडलं असं धरून मी आकडा घेऊन मागे धावतेय. तू ते कसं सोडलंस, किती वेळ हातात धरून बसली होतीस, हे मी एकदाही विचारलं नाही. तेव्हा रडले.

समुद्राकडे जे मागितलं होतं ते मी आज परत घेतलं. त्यानेही नारळ परत केलाच आहे, म्हणजे आमचा व्यवहार मिटला.

सुलेखा


झिंडेलफिंगेन, १४ ऑगस्ट २००६

मुक्ता,

आता थोडक्यात लिहिते.

गणपती सत्तावीसला आहेत, म्हणून मी वीस तारखेला निघते. शुक्रवारी, अठराला, हृषी मला आखनच्या गाडीत बसवून देणार आहे. दुपारी पोचेन. त्याला मी सांगितलं, “तू यायचं नाहीस.” तो म्हणाला, “गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. एवढ्यात पटलं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

तुझ्या आईला दिलेला शब्द मी मोडणार नाही. तुझ्या दारात येणार नाही. स्टेशनबाहेर बसेन. हृषी म्हणतो तिथे घोड्यांचे पुतळे आहेत, त्यांच्याजवळ. परतीची गाडी संध्याकाळची आहे.

नारळ बरोबर आणते आहे. हाती नारळ देणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, तसला अर्थ काढू नकोस. देवाला वाहिलेला हातात परत आला की तो प्रसाद होतो, आणि प्रसाद एकटीने खायचा नसतो. शिवाय या घरात तो फोडून करू काय? खोवायला विळी नाही. हृषीने मिक्सर दाखवला. मिक्सरमध्ये वाटलेल्या नारळाच्या वड्या होतात का कधी?

तुला बोलायला जड जाईल, म्हणून सोपं करते. तुझ्या मनात असेल की या माणसांशी आता काही धागा नको, तर विळी स्टेशनवर आणून माझ्या हातात दे. काही बोलू नकोस. मी घेईन, पुढच्या गाडीने जाईन, आणि तुला दोष देणार नाही, मनातसुद्धा नाही. अगदी यायचंच नसेल तरी चालेल. मी घोड्यांशी गप्पा मारेन.

आणि तसं नसेल, तर विळी घरीच राहू दे. मी नारळ घेऊन तुझ्याबरोबर येईन. बसून खोवू. हृषीचा विषय मी काढणार नाही. तू काढलास तर ऐकेन, आणि या खेपेला तुझी बाजू ऐकायला बसेन. मला तुझ्याकडून सून म्हणून आता काही नको. पण तू मला हवी आहेस गं. तुला सुचेल त्या नात्याने.

सुलेखा


आखन, स्टेशनबाहेर, १८ ऑगस्ट

मुक्ता,

हे पत्र टाकायचं नाही. नुसतं बसवत नाही म्हणून लिहिते आहे. पेन चाललं की मला बरं वाटतं.

क्योल्नला गाडी बदलायची होती, ती एकटीने बदलली! एका मुलाला चिठ्ठी दाखवली, त्याने बॅग उचलून दिली. गुहागरला जाऊन हे सांगायचंय सगळ्यांना.

सकाळी हृषी डब्यात आत येऊन बसवून गेला. मी म्हटलं, “तिला काही सांगू?” म्हणाला, “काही नको. पोचलीस की फोन कर.” खाली उतरला. गाडी हलली, आणि तो फलाटावर गाडीबरोबर चालायला लागला, आणि मग थांबला. काचेतून ऐकू येईना म्हणून ओठ मोठे करून म्हणाला, “विळी तिच्याकडेच राहू दे.” मला कळलं. मागे उभा राहून तो हात हलवत होता, आणि मी वळून दिसेनासा होईतो बघत होते.

घोडे छान आहेत. एकाच्या पाठीवर कबुतर बसलंय. तुझ्या वयाच्या कितीतरी मुली जातात, सगळ्यांच्या पाठीला पिशव्या. भुरभुर पाऊस लागलाय. पदर डोक्यावर घेतला. नारळ मांडीवर आहे, शेंडी वर करून. सगळे वळून बघतात. बघू देत.

दुपार सरत आली. तू आली नाहीस तरी मी म्हटलं तसंच करीन, दोष देणार नाही. पण वाईट वाटेल, तेवढं कबूल करते.

रस्त्यापलीकडून सायकलवर कुणी येतंय. केस कापलेले, निळा रेनकोट. तू नव्हेस. नाही, तूच आहेस. केस कधी कापलेस? सायकलपुढच्या टोपलीत कापडी पिशवी आहे. तिच्यात काहीतरी गुंडाळलेलं आहे, जड दिसतंय.

मुक्ता, मी दुसऱ्या हाताने नारळ घट्ट धरलाय.

तू सायकल लावते आहेस. मला पाहिलंस. हसली नाहीस. पिशवी उचललीस, येते आहेस. मी लिहिणं थांबवत नाही, कारण थांबवलं तर बघावं लागेल.

पिशवीतून तू रेनकोट काढलास. तुझ्या अंगावर एक आहेच, हा दुसरा, माझ्या मापाचा. पिशवी झटकून, घडी घालून खिशात ठेवलीस. आत आणखी काही नाही.

विळी आणलेली नाहीस. नारळ घेऊन उठते मी.